मिशन ट्रिपसाठी पैसे उभे करायचेत? नागपुरातून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

दरवर्षी पाऊस सुरू झाला की आमच्या चर्चच्या तरुण संघातलं कोणी ना कोणी माझ्याकडे येतं आणि खाली मान घालून म्हणतं, ताई, जानेवारीत टीम केनियाला चालली ना, मले पण जायचंय, पण एवढे पैसे आणू कुठून. मान खाली का जाते ते मला चांगलं माहीत आहे, माझीही गेली होती. आपल्याकडे मागणं म्हणजे हात पसरणं, आणि तोही कोणापुढं, तर ज्या काकूंनी संडे स्कूलमध्ये आपल्या हातात अर्पणासाठी दोन-दोन रुपये ठेवले त्यांच्यापुढं. मग बरीच पोरं मागतच नाहीत, नोव्हेंबरपर्यंत नुसती प्रार्थना करतात आणि शेवटी वडिलांचा पीएफ तोडतात नाहीतर क्रेडिट कार्ड घासतात. मी दोनदा जाऊन आले, पहिल्यांदा पैशाचा पार घोळ घालून आणि दुसऱ्यांदा जरा नीट, त्यामुळे जे खाली लिहिते आहे त्यातलं निम्मं माझ्या चुकांमधूनच आलंय.

मिशन ट्रिप म्हणजे चर्चची टीम काही दिवस दुसऱ्या देशातल्या चर्चकडे सेवेला जाते ती. उदाहरण केनियाचंच धरते कारण आपल्याकडून टीम तिकडे जातात, तुमचा देश वेगळा असेल तर आकडे बदला, पायऱ्या त्याच.

आधी यजमान, मग पैसा

सगळ्यात पहिलं काम म्हणजे तिथल्या चर्चकडून किंवा संस्थेकडून एक लेखी पत्र मागवा, की आम्ही या तारखांना या टीमला बोलावतोय, काम अमुक आहे, राहायची सोय अशी आहे आणि माणशी खर्च अंदाजे एवढा येईल. ई-मेल चालतो. हे पत्र हातात नसताना लोकांकडे गेलात तर पहिल्याच घरी अडकता, कारण कोणीतरी विचारणारच की तिथं जाऊन तुम्ही करणार काय, आणि "सेवा" एवढं उत्तर पुरत नाही. काय सेवा? दहा दिवस मुलांचं बायबल शिबिर घेणार, नर्स असाल तर तपासणी कॅम्पला मदत करणार, इलेक्ट्रिशियन असाल तर शाळेची वायरिंग करून देणार, असं काहीतरी बोटावर मोजता येईल असं हवं.

त्याच पत्रव्यवहारात हेही विचारून घ्या की या कामासाठी कुठल्या प्रकारची परवानगी किंवा व्हिसा लागतो. केनियात जानेवारी २०२४ पासून व्हिसाच्या जागी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, आलंय, भारतीयांनाही ते काढावं लागतं, पण तुमचं काम कुठल्या प्रकारात बसतं ते यजमानानेच तिथल्या ऑफिसातून विचारून सांगावं. नेपाळला जाणाऱ्यांना वाटतं व्हिसाच लागत नाही, मग काय टेन्शन. बाप्पा, तिथं २०१५ च्या संविधानातच दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे आणि नंतरच्या फौजदारी कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून वर देशाबाहेर. म्हणजे तिथं फक्त कायद्यात बसणारं काम करायला जायचं, आणि तेच काम लोकांना सांगून पैसे मागायचे. दात्याला एक सांगितलं आणि तिथं दुसरंच केलं असं होऊ नये.

दुसरं पत्र पाळकसाहेबांचं, म्हणजे पास्टरचं. चर्चच्या लेटरहेडवर, शिक्का मारून. ते नसेल तर पुढची एकही पायरी चढू नका.

आकडा काढा, गोल नको

"लाखभर लागतील" हा आकडा नाही. लाखभर म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं हिनं काही बघितलेलंच नाही. मी गृहीत धरलेला एक हिशोब देते, हे भाव नाहीत, भाव त्या-त्या दिवशी बघा: समजा मुंबई-नैरोबी जाऊन-येऊन विमान ४८,०००, नागपूर-मुंबई रेल्वे आणि स्टेशन-एअरपोर्ट टॅक्सी मिळून ४,०००, ईटीए, लस आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स ७,०००, दहा दिवसांचं राहणं-जेवण २५,०००, तिथला प्रवास १०,०००, शिबिराचं साहित्य ८,०००. झाले १,०२,०००. त्यावर दहा टक्के वरखर्चाला धरा, कारण डॉलर तुमच्यासाठी थांबून राहत नाही, म्हणजे अंदाजे १,१२,०००. पासपोर्ट नसेल तर साध्या अर्जाचे १,५०० आणि तात्काळमध्ये अजून २,००० हे वेगळे, आणि ते मात्र स्वतःच्या खिशातून भरा बरं का, पासपोर्ट तुमच्याकडे दहा वर्षं राहणार आहे, त्याचे पैसे मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, कशाला द्यायचे.

पासपोर्ट असेल तर तारीख बघून घ्या, प्रवासानंतर सहा महिने तरी तो जिवंत पाहिजे.

लसीचं जरा सविस्तर सांगते कारण इथं लोक हमखास गोंधळतात. केनिया यलो फीवरच्या देशांत येतो, त्यामुळे परत येताना भारतातच तुम्हाला सर्टिफिकेट विचारतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते, आणि घेतल्यावर दहा दिवसांनीच सर्टिफिकेट लागू होतं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. आमच्या टीममधल्या एकानं ही लस शेवटच्या आठवड्यावर ढकलली होती, मग तिकिटाची तारीख बदलायचे जे पैसे गेले ते बजेटमध्ये कुठेच नव्हते. मलेरियाच्या गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरला विचारा, तो खर्चही धरा. आणि हो, एक स्वेटर. आपण आफ्रिका म्हणजे नागपूरचा मे महिना समजतो, पण नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळपास १,८०० मीटर उंचीवर आहे, रात्री कुडकुडायला होतं.

पैसे वाचवायचा सोपा रस्ता म्हणजे मुंबईपर्यंत रेल्वे. दुरांतो किंवा विदर्भ एक्सप्रेसनं संध्याकाळी-रात्री बसा, सकाळी मुंबई. पण विमानाच्या आदल्या दिवशी पोहोचा, घाटात गाडी अडकली तर रेल्वे काही तुमचं विमानाचं तिकीट भरून देत नाही.

पैसा कोणाच्या खात्यात?

हा भाग सगळे उडवून लावतात आणि सगळी भांडणं इथूनच सुरू होतात, म्हणून मी इथं थांबणार आहे.

पहिल्या वेळी मी काय केलं, तर माझ्याच गुगल पेचा क्यूआर ग्रुपवर टाकला. सोपं वाटलं. त्याच खात्यात माझा पगार, त्याच खात्यातून किराणा, गॅस, भावाला उसने दिलेले, सगळं एकत्र. वर लोक संडेला हातात पाकिटं द्यायचे ती पर्समध्ये. दोन महिन्यांनी मला खरंच सांगता येईना की ट्रिपचे किती जमले. एका काकूंनी पाचशे रुपये पाकिटात दिले होते, ते मी लिहिलेच नाही, आणि परत आल्यावर चर्चमध्ये आभार मानताना सगळ्यांची नावं घेतली, त्यांचं राहिलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण मधल्या काळात कोणीतरी त्यांना म्हटलं होतं म्हणे, की ते पैसे गेले कुठे. तेव्हापासून माझा नियम: पैसे माझ्या हातात नाहीतच.

यात कायद्याच्याही गोष्टी आहेत. नातेवाइकांव्यतिरिक्त इतरांकडून आर्थिक वर्षात मिळालेली भेट ५०,००० च्या वर गेली तर इन्कम टॅक्सच्या नजरेत ती सगळीच्या सगळी तुमचं उत्पन्न होते, नुसती वरची रक्कम नाही. आणि चर्चमधले काका-मावशी हे मनानं कितीही नातेवाईक असले तरी टॅक्सवाले त्यांना नातेवाईक धरत नाहीत. आईवडील, सख्खे भाऊबहीण, काका-मामा-आत्या-मावशी यांनी दिलेलं चालतं, चुलत-मावस भावंडं त्यात येत नाहीत.

मग चर्चच्या खात्यात घेतले तर? ते बरं, पण तिथंही ट्रेझररने आधी सीएला विचारलंच पाहिजे, कारण ट्रस्टचा पैसा भारताबाहेर खर्च करण्यावर इन्कम टॅक्सच्या अटी आहेत आणि तुमच्या एका ट्रिपपायी चर्चची सवलत धोक्यात आली तर कमिटी तुम्हाला जन्मात माफ करणार नाही. सीए हो म्हणाला तर चर्चच्या खात्यात, वेगळ्या लेजरखाली, प्रत्येकाला पावती. सीए नको म्हणाला तर टीमच्या दोघातिघांचं जॉइंट खातं, दोन सह्यांशिवाय पैसा निघणार नाही असं, त्यात फक्त ट्रिपचे पैसे, आणि माणशी किती जमतंय त्यावर वहीत लक्ष. कमिटीनं मदत मंजूर केली तर तो चेक थेट तिकीट एजंटच्या नावानं काढायला सांगा, तुमच्या नावानं नको.

दुसरी गोष्ट परदेशातला पैसा. आपल्या प्रत्येक मंडळीत कोणी ना कोणी कॅनडात, दुबईत, ऑस्ट्रेलियात आहे आणि पहिला फोन त्यालाच जातो. थांबा. तो भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकेच्या मार्गानं पाठवत असेल तर ते फॉरेन काँट्रिब्युशन, म्हणजे परदेशी देणगी, धरलं जात नाही. पण त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, तर तो परदेशी स्रोत झाला आणि तिथं परदेशी देणग्यांवरचा २०१० चा एफसीआरए कायदा येतो. धार्मिक कामासाठी असा पैसा घ्यायला संस्थेची एफसीआरए नोंदणी लागते आणि तो फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच येऊ शकतो. "मी तुझ्या खात्यात टाकतो, कोणाला कळणार" असं म्हणणाऱ्या मित्राला प्रेमानं नाही म्हणा. त्याला प्रार्थना करायला सांगा, तिला अजून परवानगी लागत नाही.

तिसरं, ८०जीची, म्हणजे दात्याला इन्कम टॅक्समध्ये सूट देणारी, पावती देतो असं कोणालाही परस्पर कबूल करू नका. बऱ्याच चर्चेसना ती मिळतच नाही, आणि जिथं आहे तिथंही रोख २,००० च्या वर दिलं तर सूट मिळत नाही. साधी पावती द्या, साधी पावती म्हणूनच द्या.

आणि सीताबर्डीवर डबा घेऊन उभं राहायची आयडिया दरवर्षी कोणीतरी काढतं. नको रे बाबा. लोकांकडून धार्मिक कामासाठी वर्गणी गोळा करायची म्हटली की धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसचा विषय येतो, आणि तसंही रस्त्यावरच्या अनोळखी माणसानं तुमच्या केनियासाठी पैसे द्यावेत असं काही कारण नाही. शेजारच्या, दुसऱ्या धर्मातल्या मित्रानं स्वतःहून विचारलं तर सरळ सांगा की ही चर्चची ट्रिप आहे, हे-हे काम आहे, मग त्याची मर्जी. पण सोसायटीच्या ग्रुपवर क्यूआर टाकू नका.

बायबलमधल्या पौलाचंच बघा ना, यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा त्यानं ती एकट्यानं नेली नाही, आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला दुसरा भाऊ पाठवला, का, तर एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. आपण उपदेशात देण्याचा अध्याय वाचतो आणि हा हिशोबाचा भाग सोडून पुढे जातो.

१,१२,००० एकदम नाही, तुकड्यांत

आता वही घ्या. वरचा आकडा फोडा. समजा स्वतःचे ३०,००० (हे आधी बाजूला काढा, स्वतःचं काही न टाकता लोकांकडे जाऊ नका, लोक विचारत नाहीत पण बघतात), घरचे २०,०००, चर्च कमिटी २०,०००. राहिले ४२,०००. त्यात चार जण ५,००० देणारे, दहा जण १,००० देणारे आणि चोवीस जण ५०० देणारे. बेरीज करून बघा, बरोबर ४२,००० होतात. म्हणजे तुम्हाला लाखभर शोधायचे नाहीत, अडतीस माणसं शोधायची आहेत, आणि पाचशे रुपये हा काही मोठा शब्द नाही. माझ्या अनुभवात जेवढी माणसं लागतात त्याच्या दुप्पट यादी पाहिजे, म्हणजे ऐंशीच्या आसपास नावं.

ऐंशी नावं कुठून येणार असं वाटतं, पण बसलं की येतात. तुमची मंडळी, आईच्या महिला मंडळातल्या बाया, आधी ज्या एरियात राहत होता तिथलं चर्च, मेकोसाबाग, मोहन नगर, मार्टिन नगर, जरीपटका, अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधले, हिस्लॉपमधले कॉलेजचे मित्र, नर्सिंगची बॅच, तुमच्या लग्नाला आलेले, ज्यांच्या लग्नाला तुम्ही वाढायला होता ते. प्रत्येक नावापुढं लिहा की शेवटचं कधी बोललो. दोन वर्षं ज्याला नाताळचा सलामसुद्धा केला नाही त्याला थेट पैशाचा मेसेज करायचा नाही, आधी नुसतं भेटायला जा.

कधी मागायचं

नागपूरचं कॅलेंडर बघून मागा. जूनमध्ये शाळेची फी, पुस्तकं, रेनकोट, त्या महिन्यात तोंड उघडू नका. जुलै-ऑगस्टमध्ये भेटीगाठी आणि यादी. मंडळीत रेल्वेवाले भरपूर असतात, त्यांचा बोनस दसऱ्याच्या आधी हातात येतो, इतर बऱ्याच जणांचा दिवाळीला, म्हणून मोठी मागणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. महिन्याच्या १ ते १० तारखेत. वीस तारखेला मागितलं तर माणूस नाही म्हणत नाही, "बघतो" म्हणतो, आणि ते बघतोच राहतं. नोव्हेंबरच्या मध्यानंतर थांबा, घराघरात नाताळच्या करंज्या-अनारशांचा आणि पोरांच्या कपड्यांचा खर्च सुरू होतो, कोणाच्या नाताळात वाटेकरी व्हायचं नाही. जानेवारीत निघायचं असेल तर तिकिटाचे पैसे तसेही ऑक्टोबरअखेर हातात पाहिजेत.

मागायचं कसं

ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे कोणालाच न केलेला मेसेज. दोनशे जण बघतात, चाळीस जण हात जोडलेला इमोजी टाकतात, आणि पैसे तीन जण पाठवतात. समोरासमोर, घरी, चहाला जाऊन मागा, तेही एकेकाला. आधी एक साधं पत्र द्या. माझं दुसऱ्या वेळचं साधारण असं होतं:

"प्रिय काका-काकू, सलाम. जानेवारीत आपल्या मंडळीतले सहा जण दहा दिवसांसाठी केनियाला चाललोत, त्यात मी आहे. तिथल्या चर्चनं मुलांच्या शिबिरासाठी शिक्षक मागितलेत, आणि मी बारा वर्षं शाळेत शिकवते. माझा खर्च १,१२,००० आहे, त्यातले ३०,००० मी घातलेत आणि घरच्यांनी २०,००० दिलेत. तुम्ही ५,००० द्यावेत अशी विनंती घेऊन मी पुढच्या शनिवारी संध्याकाळी येते आहे. जमणार नसेल तरी येणार आहे, चहा प्यायला आणि तुमच्याकडून प्रार्थना घ्यायला. सोबत पाळकसाहेबांचं पत्र आणि खर्चाचा कागद जोडला आहे. पैसे ट्रेझररकडेच द्यायचे आहेत, माझ्याकडे नाही."

बघा, रक्कम लिहिली आहे. "यथाशक्ती" लिहिलं की समोरच्याला पेच पडतो, कमी दिलं तर कसं दिसेल, जास्त झेपत नाही, मग तो पत्र फ्रिजवर ठेवून देतो. आकडा सांगितला की तो "५,००० नाही जमणार पोरी, २,००० घे" असं मोकळेपणानं म्हणू शकतो.

घरी गेल्यावर पहिली दहा मिनिटं केनिया काढू नका. त्यांच्या गुडघ्याचं विचारा, नातवाच्या बारावीचं विचारा. मग सांगा, मग आकडा सांगा, आणि आकडा सांगितल्यावर गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात कठीण, मला तर घाम फुटायचा. आपण घाबरून लगेच म्हणतो, नाही म्हणजे जमलं तर, तसं काही नाही, आणि आपलीच मागणी आपण परत घेतो.

प्रश्न येतील. एका रिटायर्ड काकांनी मला दारातच विचारलं, "काऊन वं, मेळघाटात पोरं कुपोषणानं मरून राहिली, तिथं जाले बसचं तिकीट पुरते, अन् तू आफ्रिकेत काय करून राहिली?" पहिल्या वेळी मी बावचळले होते. प्रश्न चुकीचा नाहीये. एवढ्या पैशात तिथल्या एका शिक्षकाचा पगार किती महिने निघेल हा हिशोब तुम्ही स्वतः करून बघितलेला असला पाहिजे. तुमच्याकडे तिथं नसलेलं काही कौशल्य नसेल, यजमानानं बोलावलं नसेल, नुसतं जग बघायचं असेल, तर काकांचं बरोबर आहे आणि तुम्ही मेळघाटात जा, मी मनापासून सांगते. कौशल्य असेल तर ते सांगा, आणि इथं तुम्ही काय करता तेही सांगा. मी त्यांना सांगितलं की दर दुसऱ्या शनिवारी आमची टीम वस्तीत शिकवायला जाते, या तुम्ही बघायला. ते आले. पैसे पाचशेच दिले, पण पुढं वर्षभर शनिवारी यायला लागले.

सदरमधल्या जुन्या लोकांशी बोलताना एक गोष्ट हळूच निघते आणि ती निघू द्या. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चकडून नागपुरात आले, १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नदीत बुडून गेले, त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ चं. सीताबर्डीचं मूर मेमोरियल हॉस्पिटल पण त्याच मिशनचं. म्हणजे कुठल्यातरी थंड गावातल्या, नागपूर नकाशावर कुठे आहे हे माहीत नसलेल्या माणसांनी शंभर वर्षं आपल्या गावासाठी थैल्या रिकाम्या केल्या. ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे आपण बरेच जण सभासद, तिची स्थापनाही २९ नोव्हेंबर १९७० ला इथंच नागपुरात झाली. एक आजी मला म्हणाल्या, "आतापर्यंत आपण घेतच आलो ना, आता आपल्या पोरी द्यायला चालल्यात, घे," आणि ब्लाउजमधून पाकीट काढलं. (ते मी ट्रेझररकडे पोहोचवून त्याच दिवशी पावती नेऊन दिली, धडा शिकले होते.)

नाही म्हणणारे असतील. त्यांच्याशी पुढच्या रविवारी तितकंच हसून बोला. आणि ज्यांची परिस्थिती तुम्हाला माहीत आहे, ज्यांच्या घरी दवाखाना चालू आहे, त्यांना यादीतून आधीच काढा, ते नाही म्हणू शकत नाहीत आणि उधार काढून देतात.

पत्रात, स्टेटसवर तिथल्या फाटक्या कपड्यातल्या मुलांचे फोटो लावू नका. नेटवरून उचललेले तर अजिबातच नको. उद्या तुमच्या वस्तीतल्या पोराचा असा फोटो नैरोबीत कोणी फिरवला तर कसं वाटेल.

स्टॉल, कॅरोल, रद्दी

यातून मजा येते, टीम जुळते, पण पैसा वाटतो तेवढा येत नाही. एका रविवारी भक्तीनंतर तर्री पोहे आणि सांबारवडीचा स्टॉल लावला, सकाळी चारला उठून सहा जणांनी मरमर केली आणि खर्च जाऊन हातात आले ते दोन काकांच्या देणगीएवढे. तरी एक स्टॉल कराच, कारण त्यामुळे ज्यांना घरी जाऊन मागता येत नाही अशा शंभर जणांना ट्रिपबद्दल कळतं. सावजी मटणाचं पार्सल सगळ्यात जास्त खपतं, ऑर्डर आधी घ्या, पैसे आधी घ्या, आणि लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत ठेवू नका. हार्वेस्ट फेस्टिव्हलच्या लिलावात कमिटीनं परवानगी दिली तर एक-दोन वस्तू टीमच्या नावानं ठेवा, आपल्याकडे लिलावात माणसाला जोर चढतो, दहा रुपयांचा नारळ चारशेला जातो. नाताळात घरोघरी कॅरोल गाताना मिळणारी पाकिटं मात्र तरुण संघाची असतात, त्यावर डोळा ठेवू नका, त्यावरून झालेली भांडणं मी बघितली आहेत. रद्दी गोळा करणं मुलांना द्या, पैसे थोडे पण रोकडे.

रोजची नोंद

एक वही आणि एक एक्सेल शीट, दोन्ही. तारीख, नाव, रक्कम, रोख की यूपीआय, पावती नंबर, आभार कळवले का. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, दोन दिवसांत फोन गेला पाहिजे, मेसेज नाही, फोन. यूपीआयवाल्यांना नोटमध्ये नाव आणि "केनिया" लिहायला सांगा, नाहीतर स्टेटमेंटमध्ये कुठल्यातरी अगम्य आयडीवरून हजार रुपये येतात आणि कोणाचे ते शोधण्यात रविवार जातो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी किती जमले, किती राहिले, हा कागद नोटीस बोर्डावर. नावं आणि रकमा लावू नका, ज्यानं पाचशे दिले त्याला पाच हजारवाल्याच्या खाली बघायला लावायचं नाही. नुसती एकूण.

आणि हे सुरुवातीलाच, पैसे यायच्या आधी, कमिटीकडून लिहून घ्या: ट्रिप रद्द झाली तर काय, तुम्ही आजारी पडलात तर काय, जास्त जमले तर काय. आम्ही लिहिलं होतं की दिलेला पैसा टीमसाठी आहे, एका माणसासाठी नाही, एकाचे जास्त झाले तर ज्याचे कमी पडतायत त्याला जातील, आणि ट्रिपच रद्द झाली तर विचारून परत. तिकीट काढताना पण हेच बघा, आमच्या पहिल्या वेळच्या एजंटनं ग्रुप तिकीट स्वस्तात दिलं आणि एक मुलगी येऊ शकली नाही तेव्हा कळलं की त्यातला रुपयाही परत मिळत नाही. परताव्याची अट तोंडी नाही, कागदावर घ्या.

निघताना सगळे पैसे रोख डॉलरमध्ये नेऊ नका. परदेशी नोटा एका खेपेला ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, आणि टीमचे सगळे एकाच्या कमरेला बांधले आणि तो मॅटाटूत, म्हणजे तिथल्या काळीपिवळीत, चेपला गेला की झालं. थोडे रोख वाटून, बाकी फॉरेक्स कार्डावर, आणि बदलून घेतल्याची पावती फाइलमध्ये.

परत आल्यावर

तिथं रोज रात्री बिलं लिहून ठेवा, बिल न देणारे बरेच असतील, तिथं तारीख-रक्कम-कशासाठी लिहून दोघांची सही. परत आल्यावर दुसऱ्या रविवारच्या आत हिशोब ट्रेझररकडे, तिसऱ्या रविवारी बोर्डावर. महिनाभर लांबलं की लोक विचारत नाहीत, आपसात बोलतात. रिपोर्ट देताना पंधरा मिनिटांच्या वर बोलू नका आणि जिराफाचे फोटो दोनच. काय जमलं नाही तेही सांगा. आम्ही शिबिरासाठी नेलेली निम्मी गाणी तिथल्या मुलांना आधीच येत होती, आमच्यापेक्षा चांगली, हे सांगितल्यावर सगळं चर्च हसलं आणि पुढच्या वेळी साहित्याचं बजेट आठ हजारावरून पाचवर आलं.

प्रत्येक दात्याला हातानं लिहिलेलं एक कार्ड. अडतीस कार्डं म्हणजे दोन संध्याकाळी.

आमचे दुसऱ्या वेळी ६,३४० रुपये उरले होते. यजमान चर्चला पाठवू असं मन म्हणत होतं, पण वर सांगितलं तसं ट्रस्टचा पैसा बाहेर पाठवायची भानगड, म्हणून ट्रेझररनं तो पुढच्या टीमच्या लेजरला टाकला आणि बोर्डावर तशी ओळ लिहिली. यंदा जो पोरगा खाली मान घालून आलाय ना, त्याच्या वहीत पहिली जमा तीच आहे.